ट्रॉलरच्या पंपाच्या शाफ्टला हार्ड क्रोम करावं की कार्बाइडचं कोटिंग? तेच एक्झॉस्टला चालेल का?

गोव्यात मालीम जेटीवर ट्रॉलर आहे आणि खाऱ्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट ग्लँडपाशी, म्हणजे पॅकिंग भरून पाणी अडवतात तिथं, झिजतोय म्हणता, तर हार्ड क्रोमच्या वाटेला जाऊ नका.

आमचे मेहुणे इंजिनाच्या कामात वस्ताद, पण शाफ्ट चकाकला म्हणजे काम फत्ते, हा त्यांचा हिशोब. अशाच एका शाफ्टला कार्बाइड करून घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो. त्यांनी मालकाला स्वस्तात क्रोम करून दिलं. पुढच्या मासेमारी बंदीत पंप खोलला, तर बाकी शाफ्ट लखलखीत आणि पॅकिंगच्या पट्ट्यात टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके. एकावर नख मारलं तशी क्रोमची खपली उठली, खाली काळा गंज. मेहुणे म्हणतात, पॅकिंग जास्त आवळलं असणार! दर चवथीला गणपतीवरची माटोळी बांधताना हेच ऐकतो.

अहो, पॅकिंगचा काय दोष? हार्ड क्रोमला मुळातच बारीक तडे असतात. हायड्रॉलिक रॉडवर ते तेल धरून ठेवतात, फायदाच होतो. समुद्रात त्याच तड्यांतून खारं पाणी पोलादापर्यंत पोचतं आणि क्रोमच्या आड लोखंड कुजतं.

एचव्हीओएफनं, म्हणजे अतिवेगवान ज्वाळेतून पावडर फवारून, मारलेलं कार्बाइड दाट बसतं, सच्छिद्रता एक टक्क्याच्या आत. शाफ्ट साधारण १५० अंशांच्या आतच राहतो, वाकायची भीती नाही. मात्र पावडर कोणती ते विचारा. टंगस्टन कार्बाइडसोबत १० टक्के कोबाल्ट आणि ४ टक्के क्रोम हवं. नुसत्या कोबाल्टची असेल तर खारं पाणी तो कोबाल्टच खातं. वरून डायमंड व्हीलनं ग्राइंडिंग हवंच, नाहीतर खरखरीत शाफ्ट पॅकिंगचा भुगा करील.

आणि घाई नडते. बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे सगळ्यांची कामं ऐन पावसात. संध्याकाळी ब्लास्टिंग करून, म्हणजे कणांच्या माऱ्यानं खरडून, शाफ्ट रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर गंजाची पिवळट झाक. तीवर काहीही मारा, सुटणारच. आधी गोड्या पाण्यानं मीठ धुवायला सांगा, आणि ब्लास्टिंग झाल्याबरोबर कोटिंग. समोर उभं राहून करून घ्या.

एक्झॉस्टला हे नको. ५०० अंशांच्या वर टंगस्टन कार्बाइडचा भरवसा नाही. तिथं क्रोमियम कार्बाइड-निकेल क्रोम चालतं, साधारण ८५० अंशांपर्यंत. पण एक्झॉस्टमध्ये घासतंय काय? उगाच पैसे घालवू नका.

शाफ्ट लहान असेल तर ३१६ स्टेनलेस स्टीलचा नवा करून घेणं कदाचित स्वस्त पडेल, आधी दोन्हींचा भाव काढा. आणि क्रोमखाली निकेलचा चांगला थर दिला तर क्रोमही खाऱ्या पाण्यात बरंच तग धरतं, हे मान्य. मेहुण्यांनी निकेल दिलं नव्हतं.