मोजमापाचे प्रश्न : डॅक मॉड्यूल निवडताना

या वेळच्या पत्रांमध्ये डेटा अ‍ॅक्विझिशनचे, म्हणजे सेन्सरचे सिग्नल संगणकात घेणाऱ्या हार्डवेअरचे (थोडक्यात ‘डॅक’चे) प्रश्न जास्त आले. मजकूर थोडा आटोपशीर करून त्यातले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : गिअरबॉक्सच्या टेस्ट बेंचवर तापमानासाठी ८ के-टाइप थर्मोकपल, कंपनासाठी ४ आयईपीई अ‍ॅक्सेलरोमीटर, टॉर्कसाठी २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा ब्रिज सेन्सर (चार रेझिस्टरच्या जोडणीचा) आणि आरपीएमसाठी ६० दात्यांच्या चकतीवर प्रॉक्सिमिटी सेन्सर असं सगळं आहे. विक्रेता म्हणतो, ३२ चॅनलचं, १६ बिटचं, ±१० व्होल्टचं, सेकंदाला अडीच लाख सॅम्पल घेणारं एकच मॉड्यूल घ्या, त्यात सगळं बसतं. घ्यावं का?

उत्तर : तारा बसतील, मोजमाप बसणार नाही. चॅनल मोजत बसण्यापेक्षा एकेक सेन्सर हातात घ्या आणि त्याला मॉड्यूलकडून काय लागतं ते लिहून काढा.

के-टाइप थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. ±१० व्होल्ट म्हणजे २० व्होल्टचा पल्ला. १६ बिटमध्ये त्याचे ६५,५३६ भाग होतात, एक पायरी ३०५ मायक्रोव्होल्टची. म्हणजे तापमान सात-साडेसात अंशांच्या उड्या मारत दिसेल. विक्रेता म्हणेल, याच मॉड्यूलला ±०.२ व्होल्टची रेंजही आहे. ते खरं असलं, तर पायरी सहा मायक्रोव्होल्टपर्यंत उतरते. पण थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला फरक सांगतं. दुसरं टोक, म्हणजे टर्मिनल, किती तापलंय हे मोजायला टर्मिनलशेजारीच सेन्सर लागतो आणि साध्या व्होल्टेज मॉड्यूलमध्ये तो नसतो. शिवाय थर्मोकपल मॉड्यूल विजेच्या लाइनमधून येणारा ५० हर्ट्झचा नॉइज गाळतं, तेही इथे मिळत नाही. तेव्हा थर्मोकपलसाठी थर्मोकपलचंच मॉड्यूल घ्या. ते पंख्याच्या झोतापासून आणि तापणाऱ्या पॉवर सप्लायपासून लांब ठेवा. टर्मिनलच्या दोन बाजूंत तापमानाचा फरक पडला की तेवढी चूक थेट रीडिंगमध्ये येते.

आयईपीई अ‍ॅक्सेलरोमीटरला चालायलाच स्थिर करंट लागतो, बहुधा ४ मिलिअ‍ॅम्पिअर, आणि त्यामागे वीस-पंचवीस व्होल्टचा सप्लाय. विक्रेत्याचं मॉड्यूल हा करंट देत नाही. बाहेरून दिलात तरी सेन्सरचा बायस (स्थिर डीसी पातळी) ८ ते १२ व्होल्ट असतो आणि सिग्नल त्यावर स्वार होतो, म्हणजे ±१० व्होल्टच्या बाहेर सहज जातो.

याहून मोठी अडचण एलियासिंगची : सॅम्पल रेटच्या मानाने फार जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल भलत्याच, कमी फ्रिक्वेन्सीवर दिसतो. समजा तुमचं पिनिअन २३ दात्यांचं आहे आणि १५०० आरपीएमने फिरतंय. मेशिंग फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती दाते जुळतात तो आकडा) आली ५७५ हर्ट्झ. अ‍ॅक्सेलरोमीटरचा स्वतःचा रेझोनन्स २५ किलोहर्ट्झच्या आसपास असेल आणि तुम्ही २५.६ किलोहर्ट्झने सॅम्पल घेत असाल, तर तो रेझोनन्स स्पेक्ट्रममध्ये ६०० हर्ट्झवर उभा राहतो, मेशिंगच्या अगदी शेजारी. मग गिअरमध्ये नसलेला दोष शोधण्यात वेळ जातो. सॅम्पल घेऊन झाल्यावर कितीही फिल्टर लावा, हे निघत नाही. फिल्टर एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधीच हवा. डेल्टा-सिग्मा जातीच्या एडीसीच्या मॉड्यूलमध्ये तो आतच असतो आणि सॅम्पल रेटबरोबर सरकतो. २५.६ किलोहर्ट्झच्या रेटवर १० किलोहर्ट्झपर्यंतचा स्पेक्ट्रम स्वच्छ मिळतो. (सेन्सर चुंबकावर चिकटवणार असाल तर वरचे काही किलोहर्ट्झ तिथेच गेले, त्याला मॉड्यूल काही करू शकत नाही.)

टॉर्कला ब्रिज मॉड्यूल. आरपीएमला काउंटर : ६० दाते असल्यामुळे पल्सचे हर्ट्झ आणि आरपीएम एकच आकडा येतो, हिशेब सोपा. इथे नेहमीची चूक व्होल्टेजची होते. प्रॉक्सिमिटी सेन्सर २४ व्होल्टचा पीएनपी (चालू झाल्यावर २४ व्होल्ट बाहेर देणारा) आणि डिजिटल मॉड्यूल ५ व्होल्टचं असेल तर मॉड्यूल जळू शकतं. मॉड्यूल २४ व्होल्टचंच मागवा आणि त्याच्या इनपुटचा वेग पाहून घ्या. पीएलसीच्या (कारखान्यातल्या यंत्रांच्या कंट्रोलरच्या) धाटणीची काही २४ व्होल्टची इनपुट मुद्दाम मंद ठेवलेली असतात, १५०० हर्ट्झला ती पल्स गाळतात.

अशी चार मॉड्यूल झाली आणि चार स्लॉटची चॅसी (मॉड्यूल बसवायची पेटी) तिथेच भरली. आठ स्लॉटची घ्या. बेंच चालू झाला की कुणाला तरी तेलाचा दाब हवा असतोच.

जोडणी झाल्यावर दोन गोष्टींकडे लक्ष द्या. थर्मोकपल आणि व्हायब्रेशन एकाच टास्कमध्ये (एकाच रेटने चालणाऱ्या मोजणीत) टाकले तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. हळू मॉड्यूलचं जुनंच मूल्य हजारो वेळा फाइलमध्ये लिहिलं जातं. तापमानासाठी वेगळा टास्क करा, सेकंदाला एक रीडिंग पुरे. दुसरं म्हणजे डेल्टा-सिग्माच्या फिल्टरमुळे सिग्नल उशिरा बाहेर येतो. सुमारे ३८ सॅम्पलचा विलंब असलेलं मॉड्यूल ५१.२ किलोहर्ट्झला पाऊण मिलिसेकंद मागे राहतं, पण तेच २ किलोहर्ट्झला चालवलं तर १९ मिलिसेकंद. टॉर्कचा झटका आणि कंपन यांतलं आधी काय झालं हे ठरवायचं असेल तर दोन्ही मॉड्यूलच्या डेटाशीटमधला ‘इनपुट डिले’ वजा केल्याशिवाय ग्राफ एकावर एक ठेवू नका.

प्रश्न : ५०० किलोच्या लोड सेलसाठी १६ बिट पुरेल की २४ बिटच हवं?

उत्तर : बिट मोजण्याआधी रेंज बघा. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोड सेल १० व्होल्टवर चालवला की पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एका मिलिव्होल्टला २५ किलो. ±१० व्होल्टच्या १६ बिट मॉड्यूलवर एक पायरी साडेसात किलोची. २४ बिटवर कागदोपत्री ती ३० ग्रॅमची होते आणि लोक इथेच खूश होऊन ऑर्डर देतात.

आता अचूकतेचा तक्ता उघडा. समजा गेन एरर रीडिंगच्या ०.०२ टक्के आणि ऑफसेट एरर रेंजच्या ०.०१ टक्के लिहिलाय. २० मिलिव्होल्टचे ०.०२ टक्के म्हणजे ४ मायक्रोव्होल्ट, शंभर ग्रॅम. पण १० व्होल्टचे ०.०१ टक्के म्हणजे पूर्ण एक मिलिव्होल्ट : २५ किलो! टेअर केल्यावर (भार नसताना रीडिंग शून्य केल्यावर) यातला स्थिर भाग जातो, तापमानाबरोबर सरकणारा भाग जात नाही. बिट २४ असोत की ३२, ही ओळ बदलत नाही.

ब्रिज मॉड्यूलची रेंजच ±२५ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट असते, तेव्हा ऑफसेटही त्याच मापाचा छोटा राहतो. शिवाय ते उत्तेजन व्होल्टेज (सेन्सरला दिलेलं) आणि सिग्नल यांचं गुणोत्तर मोजतं. सप्लाय थोडा ढळला तरी वजन ढळत नाही. केबल लांब असेल तर सहा तारांची जोडणी करा. सेन्सच्या, म्हणजे लोड सेलला प्रत्यक्ष पोचणारं व्होल्टेज मोजणाऱ्या, दोन तारा लोड सेलपाशी नेऊनच जोडा. मॉड्यूलच्या टर्मिनलवरच लूप मारल्या तर त्या असून नसल्यासारख्या. ०.०३ टक्के अचूकतेचा लोड सेल स्वतःच दीडशे ग्रॅम चुकतो, हेही लक्षात असू द्या. त्यापलीकडचा खर्च वाया जातो.

प्रश्न : १६ चॅनलच्या मॉड्यूलवर १०० व्होल्ट डीसी मोजायला ९० आणि १० किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) लावला आहे. शेजारच्या चॅनलचा सिग्नल त्यात पुसटसा दिसतो. रिकाम्या चॅनलवर तर हुबेहूब दिसतो. मॉड्यूल बिघडलं आहे का?

उत्तर : बिघडलेलं नाही. आत एडीसी एकच आहे आणि स्विच त्याला आळीपाळीने प्रत्येक चॅनलशी जोडतो. आधीच्या चॅनलचा चार्ज इनपुटच्या छोट्या कपॅसिटन्सवर उरतो. पुढच्या चॅनलने तो वेळेत बदलला नाही, तर आधीचं भूत पुढे दिसतं. रिकाम्या चॅनलला चार्ज बदलायला कुणीच नाही, म्हणून तिथे हुबेहूब.

तुमच्या डिव्हायडरचा सोर्स इम्पिडन्स ९ किलोओहम. इनपुट कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरला तर टाइम कॉन्स्टंट ०.९ मायक्रोसेकंद. १६ बिटपर्यंत स्थिरावायला असे अकरा लागतात, म्हणजे जवळपास १० मायक्रोसेकंद. आणि अडीच लाखांच्या रेटवर एका चॅनलला मिळतात चार!

चॅनलमागे २० मायक्रोसेकंद द्या. १६ चॅनलला प्रत्येकी सेकंदाला ३,१२५ सॅम्पल तरीही मिळतात. मात्र नुसता सॅम्पल रेट कमी करून भागेलच असं नाही, कारण काही ड्रायव्हर चॅनल बदलताना कमाल वेगच वापरतात आणि उरलेला वेळ थांबून राहतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘कन्व्हर्ट क्लॉक’ वेगळा असतो, तो सेट करा. डिव्हायडर ९ आणि १ किलोओहमचा केला तरी भूत जातं, पण १०० व्होल्टवर वरच्या रेझिस्टरमध्ये ०.९ वॉट जिरतो. पाव वॉटचा रेझिस्टर लावलात तर जळेल, तीन वॉटचा घ्या. वेग कमी करणं शक्यच नसेल तर बफर अ‍ॅम्प्लिफायर. रिकामी चॅनल ग्राउंड करा किंवा स्कॅनमधून काढा.

हेच मॉड्यूल पॉवर मोजायला वापरणार असाल तर एक सावधगिरी. २० मायक्रोसेकंदांच्या अंतराने पहिल्या आणि सोळाव्या चॅनलमध्ये ३०० मायक्रोसेकंद पडतात, ५० हर्ट्झला ५.४ अंश. व्होल्टेज आणि करंट शेजारच्या चॅनलवर घ्या, मग फरक ०.३६ अंशावर येतो. पॉवर फॅक्टर कमी असताना तोही खुपतो. तिथे प्रत्येक चॅनलला स्वतंत्र एडीसी असलेलं, एकाच क्षणी सॅम्पल घेणारं मॉड्यूलच हवं.

प्रश्न : लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १६ सेलच्या पॅकमधला प्रत्येक सेल मोजायचा आहे. सेल ३.६५ व्होल्टच्या वर जात नाही, मग ±१० व्होल्टचं मॉड्यूल चालेल ना? त्यावर ‘२५० व्होल्ट आयसोलेशन’ असंही लिहिलं आहे.

उत्तर : जोडू नका. सेलवर ३.६५ व्होल्ट आहेत, पण सर्वांत वरच्या सेलचं धन टोक पॅकच्या ऋण टोकापासून ५८.४ व्होल्टवर आहे. साध्या डिफरन्शियल इनपुटला दोन्ही टोकं स्वतःच्या कॉमनपासून (मॉड्यूलच्या शून्य व्होल्टपासून) साधारण १० व्होल्टच्या आत लागतात. तिसऱ्या-चौथ्या सेलपासूनच रीडिंग बिघडेल.

‘२५० व्होल्ट आयसोलेशन’ हे बहुतेक वेळा चॅनल आणि अर्थ यांच्यामधलं असतं. चॅनल एकमेकांपासून वेगळे नसतात. काही मॉड्यूलमध्ये तर सगळ्या चॅनलची ऋण टोकं आत एकत्र बांधलेली असतात. त्यात दोन सेलची ऋण टोकं लावणं म्हणजे मधले सेल मापनाच्या बारीक तारेतून शॉर्ट करणं. तार लाल होऊन पेटते. डेटाशीटमध्ये ‘चॅनल-टू-चॅनल आयसोलेशन’ हे शब्द शोधा, आणि पुढचा व्होल्टेजचा आकडा पॅकच्या पूर्ण व्होल्टेजपेक्षा मोठा हवा.

मॉड्यूल कितीही चांगलं असलं तरी प्रत्येक टॅपला (मापनाच्या तारेला), सेलच्या टोकापाशीच, छोटा फास्ट फ्यूज द्या. त्याचं डीसी रेटिंग पॅकपेक्षा जास्त असू द्या. एसीचा आकडा इथे कामाचा नाही. आणि सेलवर चिकटवलेली थर्मोकपल? उघडं जंक्शन बसबारला (सेल जोडणाऱ्या पट्टीला) टेकलं की थर्मोकपल मॉड्यूलही त्याच व्होल्टेजवर जातं. खाली कॅप्टॉन या विद्युतरोधक टेपचा थर द्या.

प्रश्न : यूएसबी चॅसी घ्यावी की इथरनेट?

उत्तर : वेगापुरता प्रश्न क्वचितच असतो. १६ चॅनल, ५१,२०० सॅम्पल, प्रत्येकी ४ बाइट धरले तरी सेकंदाला ३.३ मेगाबाइट होतात. दोन्ही सहज पेलतात (डिस्क मात्र तासाला बारा जीबी भरते). ठरवतं ते अंतर. यूएसबी २.० ची केबल पाच मीटर, तांब्याची इथरनेट शंभर मीटर. इन्व्हर्टरजवळ किंवा रात्रभराच्या टेस्टला इथरनेटच घ्या, आणि ती ऑफिसच्या नेटवर्कवर न टाकता संगणकाच्या वेगळ्या नेटवर्क कार्डवर. यूएसबीच घेतलीत तर विंडोजमधली यूएसबीची वीजबचत आणि लॅपटॉपचा स्लीप आधी बंद करा. पहाटे तुटलेल्या फाइलचं कारण बहुधा तेच निघतं.

प्रश्न : एचएक्स७११ या लोड सेलसाठीच्या एडीसी चिपची छोटी पाटी आणि मायक्रोकंट्रोलर यांत काम भागणार नाही का?

उत्तर : स्थिर वजनाला भागतं. सेकंदाला १० किंवा ८० रीडिंग देते. आघाताची चाचणी, कंपन किंवा दुसऱ्या सेन्सरशी वेळेचा मेळ घालायचा असेल तर नाही.

प्रश्न : नवी मॉड्यूल आली. कॅलिब्रेटर नाही. चाचणीआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

उत्तर : बरंच काही. चॅसी अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. व्होल्टेज चॅनलची दोन टोकं तांब्याच्या तुकड्याने जोडा. आकडा डेटाशीटमधल्या ऑफसेटच्या आत हवा, आणि त्याचं हलणं दिलेल्या नॉइजएवढं. थर्मोकपल चॅनल तसाच शॉर्ट केला की त्याने शून्य दाखवायचं नसतं, टर्मिनलचं तापमान दाखवायचं असतं. शेजारी थर्मामीटर ठेवून पडताळा. आयईपीई चॅनलवर सेन्सर जोडून मल्टिमीटरने डीसी बघा : ८ ते १२ व्होल्ट ठीक, शून्याच्या आसपास म्हणजे केबल शॉर्ट, सप्लायएवढं म्हणजे कुठेतरी तुटलेली. ब्रिजसाठी ३५० ओहमच्या लोड सेलच्या एका भुजेवर १०० किलोओहमचा, ०.१ टक्क्याचा रेझिस्टर समांतर लावा. रीडिंग ०.८७ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टने सरकायला हवं. त्याहून कमी सरकलं तर आधी सेन्सच्या तारा बघा, मग सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं उत्तेजन व्होल्टेज.