चुकल्याचुकल्यासारखं

प्रिय मनू,

परवा गाडीत तू विचारलंस, "आई, 'आय मिस अवर ओल्ड हाऊस' हे मराठीत कसं म्हणायचं?" मी "आठवण येते" म्हणून मोकळी झाले. तुला ते पटलं नाही. "ती तर फोटो बघूनही येते," म्हणालीस. खरं आहे.

'मिस करणं' याला मराठीत एकच एक क्रियापद नाही. नव्या घरात सुरुवातीला जे होतं ते 'करमत नाही'. खोल्या मोठ्या, उजेड भरपूर, तक्रार कशाची नाही, तरी करमत नाही. पण तू म्हणत होतीस ते याहून वेगळं. त्याला माझ्या मते 'चुकल्याचुकल्यासारखं होतं' हेच बरोबर. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं.

त्या घरात आपण बारा वर्षं राहिलो. रात्री पाणी प्यायला उठले तर दिवा लावावा लागत नसे. जिन्याची चौथी पायरी करकरायची, म्हणून तू झोपलेली असलीस की मी ती ओलांडून यायचे. बाथरूमचं दार जरा वर उचललं तरच लागायचं. पाहुण्यांना ते कधीच जमलं नाही, आणि आपण मनातल्या मनात हसायचो. आता इथे रात्री मी भिंत चाचपत उभी असते. बटण उजवीकडे आहे हे मला माहीत आहे, हाताला नाही. (बाबा म्हणतो, मोबाइलचा दिवा लाव ना. त्याला काय सांगायचं!)

१६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घरासाठी झुरण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं, 'आल्गोस' म्हणजे वेदना. त्यानं तो चक्क आजारच मानला होता आणि रुग्णाला घरी पाठवणं हा त्यावरचा उपाय. आपल्याला तो उपाय बंद. तिथे आता दुसरं बिऱ्हाड आलंय, आणि ते दार उचलायला एव्हाना तेही शिकले असतील. हे मनात आलं की मला उगीचच राग येतो.

तुझा दुसरा प्रश्न राहिलाच. कुलूप लावताना मी रिकाम्या घराला "येते" म्हणाले, तेव्हा तू म्हणालीस, "पण आपण तर परत येणारच नाही!" अगं, मराठीत निघताना 'जाते' म्हणत नाहीत. लहानपणी माझ्या तोंडून चुकून 'जाते' गेलं, की तुझी आजी मला दारातून परत बोलवायची आणि 'येते' म्हणायला लावायची, मगच सोडायची. त्या दिवशी सवयीनं तेच तोंडात आलं.

तू हसलीस. मग गाडीत बसण्याआधी मागे वळून तूही काहीतरी पुटपुटलीस. काय ते मी विचारलं नाही.

तुझी,
आई