दिवा राहू द्या, आधी एप्रिलबद्दल बोला

प्रश्न: ताई, आम्ही उत्तरेकडच्या देशात राहतो. डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो. नोव्हेंबर लागला की माझा नवरा (वय ४१) मिटून जातो. दहा-अकरा तास झोपूनही अंग जड, सारखं गोड आणि ब्रेड खाणं, बोलणं बंद. सलग चौथा हिवाळा असा चाललाय. घर, मुलगी, बिलं सगळं माझ्यावर. मार्चमध्ये मात्र माणूस एकदम खुलतो, चार तासांची झोप पुरते, गेल्या एप्रिलमध्ये तर कर्ज काढून धंद्यासाठी जागाच घेतली. ते दिवस फार छान जातात. आता मी हिवाळ्यातल्या उदासीवर वापरतात तो १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) प्रखर दिवा घ्यायचं ठरवलंय. तो रोज किती वेळ लावायचा आणि याला त्याच्यासमोर बसवायचं कसं, तेवढं सांगा.

उत्तर: दिवा सध्या घेऊ नका. घेऊन झाला असेल तर लावू नका.

अख्खं पत्र हिवाळ्याचं आहे आणि मार्च-एप्रिल तुम्ही दोन ओळींत उरकलेत, तेही ‘छान जातात’ म्हणून. चार तास झोपून दिवसभर न थकणं आणि त्याच भरात कर्ज काढून जागा घेणं, याला बरं होणं म्हणत नाहीत. बहुधा हे त्याच दुखण्याचं दुसरं टोक आहे. हिवाळ्यात त्यांचा भार तुमच्यावर पडतो, म्हणून तो आजार वाटतो. मार्चमध्ये ते हसतात-बोलतात, म्हणून तुम्ही हुश्श करता आणि पुढचं बघायचं सोडून देता. त्या कर्जाच्या कागदांवर सही झाली तेव्हा तुम्ही घरातच होतात ना? मग त्या आठवड्यांत तुम्हाला काय काय खटकलं होतं, ते आता आठवायला बसा.

हंगामी नैराश्याचं पहिलं सविस्तर वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. तेव्हा ते अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये होते. जास्त झोप, जास्त खाणं, गोड आणि पिठूळ पदार्थांची ओढ, हे तुमचं नोव्हेंबरचं सगळं वर्णन त्यात आहे. पण त्या अभ्यासातल्या २९ रुग्णांपैकी बहुतेक जण बायपोलर होते, म्हणजे मन कधी पार खचतं तर कधी अतोनात उसळतं (उन्माद) अशा आजाराचे, त्यातही टाइप दोनचे. म्हणजे पूर्ण उन्माद येत नाही, त्याच्या अलीकडची पायरी येते, हायपोमेनिया. त्याच्या दोन वर्षं आधी आल्फ्रेड ल्युई आणि सहकाऱ्यांनी प्रखर दिव्याने उपचार केलेल्या ज्या रुग्णाचा अहवाल लिहिला, त्याचाही आजार असाच दोन टोकांचा होता. पुढे साध्या नैराश्याचे हंगामी रुग्ण पुष्कळ आढळले आणि आज दिव्याच्या खोक्यावर छापलेल्या सूचना त्यांच्यासाठीच असतात.

ज्यांना असं फक्त नैराश्य येतं, त्यांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. उठल्यापासून तासाभरात, साधारण अर्धा तास, दिवा चेहऱ्यापासून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर (बहुतेक दिव्यांना ३० सेंटिमीटरच्या आसपास), डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर. डोळे उघडे ठेवायचे, पण दिव्याकडे टक लावायची नाही. दिवा कपाटावर चढवला तर १०,००० लक्स फक्त खोक्यावर उरतात.

मात्र सकाळचा हा प्रकाश डोळ्यांच्या पडद्यावरून थेट शरीराच्या घड्याळाला जाऊन भिडतो आणि नैराश्याच्या गोळीसारखाच मनाला वर ढकलतो. ज्याचं मन आपसूकच उसळी घेतं, त्याला तो हायपोमेनियात लोटू शकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे मिश्र अवस्थेत: मन खचलेलं आणि अंगात बेचैन जोर, दोन्ही एकाच वेळी. आत्महत्येचा धोका याच अवस्थेत फार वाढतो. मानसोपचारतज्ज्ञ डोरोथी सिट यांच्या २००७ च्या छोट्या अभ्यासात सकाळचा प्रकाश घेतलेल्या चार बायपोलर स्त्रियांपैकी तिघींना मिश्र अवस्था आली. म्हणून सिट यांनी वेळ दुपारची केली. २०१८ च्या त्यांच्या चाचणीत ७,००० लक्सचा दिवा भर दुपारी, सुरुवातीला १५ मिनिटं आणि दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत लावला. त्याचा चांगला उपयोग झाला. पण त्यातल्या प्रत्येक रुग्णाचं उन्माद रोखणारं औषध आधीपासून चालू होतं.

तेव्हा क्रम असा: निदान, मग गरज असेल तर मूड स्थिर ठेवणारं औषध, मग दिवा. तोही दुपारी, आणि डॉक्टर सांगतील तेवढाच. पडद्याचा आजार किंवा मधुमेह असेल तर त्याआधी डोळे तपासून घ्यायचे.

यात एक खड्डा आहे. जानेवारीत गेलात तर डॉक्टरांना समोर एक खचलेला माणूस दिसणार आणि ते नैराश्याची गोळी लिहून देणार. एकट्या गोळीचा धोकाही दिव्यासारखाच. एप्रिलबद्दल तुमचे पती सांगणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी तेच चांगले दिवस असतात. ते तुम्हालाच सांगावं लागेल, त्यांच्यासोबत आत बसून.

जाताना चारही वर्षांचा एक कागद न्या. दर महिन्यासमोर झोपेचे तास, बोलण्याचा वेग, चिडचिड, खर्च, नवे बेत, अर्धवट सोडलेली कामं. बँकेचं स्टेटमेंट आणि जुने मेसेज काढलेत तर तारखा सापडतील. वेगळा उत्साह सलग किती दिवस टिकला तेही लिहा, कारण हायपोमेनिया म्हणायला किमान चार दिवस लागतात. त्यांच्या घरात कुणाला उन्माद झाला होता का, कुणी आत्महत्या केली का, हे सासूबाईंना विचारा. विचारायला जड जाईल, तरी विचारा.

‘जगून काय उपयोग’ असं काही ते बोलले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.

आणि त्यांना चोरून काही करू नका. कागद लिहिताना शेजारी बसवा. जमलं तर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. हिवाळ्यातला माणूस एप्रिलमधल्या स्वतःबद्दल बरंच खरं बोलतो.

मानसोपचारतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात मागा. मार्च आला की त्यांना बरं वाटायला लागेल, आणि मग ते यायला तयार होणार नाहीत आणि तुम्हीही आग्रह धरणार नाही.