वाचकांचे प्रश्न : रोजच्या सवयी आणि आतड्याचा कॅन्सर

मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. २०२२ या एका वर्षात जगभरात या आजाराचे अंदाजे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. तरीही पत्रे वाचताना जाणवते ते असे की, बहुतेकांची भीती एखाद्या पदार्थाभोवती घुटमळत राहते आणि जिथे खरोखर सावध व्हायला हवे तिथे मंडळी निर्धास्त असतात.

प्रश्न : प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात मोडते आणि त्याने आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे वाचून माझ्या मुलाने घरातले सॉसेज आणि हॅम टाकून दिले. मी ६१ वर्षांचा असून अनेक वर्षे न्याहारीला हेच खात आलो आहे. मला १८ टक्के धोका आहे असे समजायचे का?

उत्तर : नाही. १८ टक्के हा आपला धोका नव्हे, ती धोक्यात पडणारी भर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये हा निष्कर्ष जाहीर केला, तेव्हा तो रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाण्याबद्दल होता. ज्या देशांत हा आजार जास्त आढळतो तिथे शंभरांतल्या साधारण पाच जणांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो. हे शंभरही जण रोज एवढे मांस खाऊ लागले, तर पाचांचे सुमारे सहा होतील. तो सहावा माणूस आपल्या घरातला असू शकतो, म्हणून ही वाढ मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण ती तंबाखूइतकी मोठीही नाही. तंबाखू आणि हे मांस एका गटात आहेत, कारण तो गट पुरावा किती भक्कम आहे यावरून ठरतो. नुकसान किती होते याचे मोजमाप त्यात नसते.

नुकसान होते ते असे : मांसाला लाल रंग देणारे हीम हे लोहयुक्त द्रव्य आणि मांस टिकवण्यासाठी घातलेले नायट्राइट यांच्यामुळे आतड्यात अशी संयुगे तयार होतात, जी अस्तराच्या पेशींतील डीएनएला इजा पोहोचवतात. मांस जाळावर करपवले की त्यात आणखी काही घातक रसायनांची भर पडते. मुलाने घाई केली असेल, पण त्याची दिशा चुकलेली नाही. हे पदार्थ रोजच्या न्याहारीतून काढून टाका. साधे लाल मांस खात असाल, तर शिजवलेल्या वजनाने आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. एखाद्या समारंभात दोन घास खाल्ले म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. मोजायचे आहे ते वर्षानुवर्षे रोज काय खाल्ले जाते ते.

प्रश्न : मला वर्षानुवर्षे बद्धकोष्ठतेचा त्रास आहे. साठलेल्या मळामुळे कॅन्सर होतो असे ऐकल्यापासून मी रोज रात्री चोथ्याची पूड पाण्यातून घेते. एवढ्याने संरक्षण मिळते का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. बद्धकोष्ठतेमुळे कॅन्सर होतो असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा ती धास्ती आधी मनातून काढा. चोथ्याचे, म्हणजे तंतुमय पदार्थांचे, प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे.

युगांडात अनेक वर्षे काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये असे मांडले की, आफ्रिकेच्या ग्रामीण भागात हा कॅन्सर इतका कमी दिसतो याचे कारण तेथील आहारातला भरपूर चोथा असावा. कल्पना पटण्याजोगी होती, पण पुढे तिची कसोटी लागली. १९९९ मध्ये अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत चोथ्याचा फायदा दिसला नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, एकीत चोथायुक्त आहार देऊन आणि दुसरीत गव्हाचा कोंडा देऊन, आतड्यातील साध्या गाठी (पॉलिप) पुन्हा होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. त्यानंतर २००३ मध्ये दहा युरोपीय देशांतील पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत मात्र जास्त चोथा खाणाऱ्यांत हा कॅन्सर स्पष्टपणे कमी आढळला, आणि पुढच्या अभ्यासांचे एकत्रित गणितही त्याच बाजूने गेले : आहारात रोज १० ग्रॅम चोथा जास्त असेल, तर धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी. माझ्या मते या विसंगतीचे एक कारण काळाचे आहे. साध्या गाठीचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तीन-चार वर्षांच्या चाचणीने त्याचा छडा लागेलच असे नाही.

चोथा आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा तो आहार आहे. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यातूनच मिळवतात. म्हणजे आपल्या जेवणातून एक जेवण त्या पेशींसाठीही निघत असते. म्हणूनच पुडीपेक्षा कोंड्यासकट धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि सालीसकट फळे यांवर माझा भर आहे, कारण त्यांतून नाना प्रकारचा चोथा मिळतो. पूड शौचाला साफ होण्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या, सोबत पाणी भरपूर प्या. पण तिला कॅन्सरविरुद्धचे कवच समजू नका. जाता जाता एक सांगतो : दूध आणि कॅल्शियम पुरेसे घेणाऱ्यांमध्येही हा कॅन्सर कमी आढळतो, आणि हे अनेक अभ्यासांत सातत्याने दिसले आहे.

प्रश्न : माझे काम दिवसाचे नऊ-दहा तास बसून असते. वजन वाढले आहे, विशेषतः पोट. रोज संध्याकाळी दोन पेग घेतो, सिगारेट सोडून दोन वर्षे झाली. या सगळ्यात आधी काय बदलू?

उत्तर : आधी पेग. मद्याचा आणि या कॅन्सरचा संबंध पक्का आहे, आणि वाईन, बिअर किंवा व्हिस्की असा भेद त्यात नाही. शरीरात मद्याचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते डीएनएला इजा करते. रोज दोन पेग म्हणजे आपण धोका स्पष्टपणे वाढतो त्या पातळीच्या आसपास आहात. दुसरे पोट. पोटाच्या आत साठलेली चरबी निपचित पडून राहत नाही. तिच्यामुळे रक्तात इन्सुलिन वाढते, शरीरात सौम्य दाह टिकून राहतो, आणि या दोन्हींमुळे पेशींच्या वाढीला चिथावणी मिळते. नियमित चालण्या-धावण्याने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. गुदाशयाच्या बाबतीत तसा लाभ स्पष्ट दिसलेला नाही. वजन लगेच उतरले नाही तरी चालणे सोडू नका, कारण त्याचा फायदा वजनाच्या काट्यावर अवलंबून नसतो. सिगारेट सोडलीत ते उत्तम केलेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. रोज धावतो, भाज्या-फळे भरपूर खातो, कोणतेही व्यसन नाही. चार महिन्यांपासून शौचावाटे अधूनमधून रक्त जाते. मूळव्याध समजून मलम लावतो आहे. आहारात आणखी काय बदल करावा?

उत्तर : आहारातला कोणताही बदल या प्रश्नाचे उत्तर नाही. कृपया याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन गुदद्वाराची तपासणी करून घ्या. आपल्या वयात असे रक्त बहुतेक वेळा मूळव्याधीचे किंवा गुदद्वाराला पडलेल्या चिरेचे असते हे खरे. पण ते तपासल्यावर ठरते, अंदाजाने नाही. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये हा कॅन्सर अनेक देशांत वाढतो आहे आणि चांगल्या सवयींनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका तरुण रुग्णाने आठ महिने असेच मलम लावले होते. पत्नीने आग्रह धरला तेव्हा तो जिने चढताना धापा टाकत होता आणि हिमोग्लोबिन ८ वर आले होते. बोटाने केलेल्या साध्या तपासणीतच गाठ हाताला लागली. ती तपासणी दोन मिनिटांची होती, आणि आठ महिन्यांत ती कोणीही केली नव्हती. रक्त जाणे, शौचाची नेहमीची रीत तीन आठवड्यांहून अधिक काळ बदलणे, पोट साफ झाले तरी झाले नाही असे वाटणे, कारण नसताना वजन घटणे किंवा रक्तातील लोह कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न : माझ्या वडिलांना ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. मी ४१ वर्षांची असून जन्मापासून शाकाहारी आहे आणि मला कसलाही त्रास नाही. मला तपासणीची गरज आहे का?

उत्तर : आहे. शाकाहाराने आपण मांसाचा धोका टाळला, पण मैदा, साखर आणि बैठे काम शाकाहारी माणसाच्या वाट्यालाही येतात. शिवाय कुटुंबातून आलेला धोका आहाराने पुसला जात नाही. आई, वडील किंवा भावंडाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर ४०व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करावी आणि पुढे साधारण दर पाच वर्षांनी करत राहावी, असा प्रचलित सल्ला आहे. या हिशेबाने आपली वेळ ३८व्या वर्षीच आली होती.

या तपासणीला लोक फार घाबरतात, म्हणून तिच्यात काय दिसते ते सांगतो. पडद्यावर आतड्याचे ओलसर, गुलाबी अस्तर पुढे सरकत असते आणि एखाद्या घडीआड देठावर उगवलेल्या लहानशा अळंबीसारखा पॉलिप दिसतो. तारेचा फास त्याच्या देठाभोवती आवळून तो तिथल्या तिथे काढला जातो. दुखत नाही, कारण अस्तराला कापल्याची जाणीव नसते. खरा त्रास होतो तो आदल्या दिवशी पोट साफ करणाऱ्या औषधाचा. पुढे कॅन्सर होऊ शकला असता असा पॉलिप याच वाटेने कॅन्सर होण्याआधी निघून जातो.

जाताना वडिलांचे जुने अहवाल सोबत न्या. आत्या, काका किंवा आजी-आजोबांपैकी कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का, आणि कितव्या वर्षी, हेही घरात विचारून लिहून न्या. आनुवंशिक दोषाची चाचणी करायची की नाही हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील. भावंडे असतील तर त्यांनाही हे पत्र दाखवा.