सांगलीतलं प्लॅस्टिक खरंच समुद्रात पोचतं का?

किनाऱ्याजवळच्या पाण्यावर मायक्रोप्लॅस्टिक तरंगतं असं तुम्ही वाचलंय, आणि समुद्र सांगलीपासून एवढा लांब असताना आपला त्यात काय वाटा, असं विचारलंय. मी वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी शेती करतो. वाटा आहे, आणि तो मी हातात धरून पाहिलाय.

टोमॅटोचा प्लॉट संपला की मल्चिंग पेपर, म्हणजे उंच वाफ्यावर (बेडवर) अंथरलेलं पातळ प्लॅस्टिक, काढायचा असतो. वरचा भाग निघतो, पण बेडच्या कडेला मातीत दाबलेली पट्टी ओढली की फाटते. चार-पाच महिने ऊन खाल्लेला 25 मायक्रॉनचा पेपर बोटांत भाजलेल्या पापडासारखा मोडतो. उन्हातली अतिनील किरणं प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, म्हणून असं होतं. तो कुजत नाही, नुसता बारीक होत जातो. तुकडा 5 मिलिमीटरपेक्षा लहान झाला की त्यालाच मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. त्यावर आम्ही रोटर (ट्रॅक्टरमागचं माती भुसभुशीत करणारं अवजार) मारतो, म्हणजे उरलेल्या पट्ट्यांचाही चुरा.

मागच्या उन्हाळ्यात त्या रानातली ओंजळभर माती मी मिठाच्या पाण्यात ढवळून बघितली. माती खाली बसली आणि वर तांदळाच्या कणीएवढ्या काळ्या-रुपेरी टिकल्या तरंगल्या. धाकटी चिमट्यानं ताटलीत वेचत बसली होती, तिचं वेचून संपेना. ज्या रानात आम्ही पिकवतो त्याच रानात हे, याचं मला फार वाईट वाटलं.

2019 च्या पुरात ओढ्याकडेची माझी वरची माती खरवडून गेली. तिच्याबरोबर हे तुकडेही गेले असणार. काठावरच्या बाभळींना मात्र डोक्याच्या वर खताच्या पोत्यांचे धागे लोंबत होते.

आता पुढची वाट. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून सुमारे 1400 किलोमीटर वाहते आणि आंध्रात हंसलदिवीला बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठी धरणं आहेत. तिथं पाणी संथ होतं आणि बराच गाळ बसतो, त्यात प्लॅस्टिकही बसतं. म्हणून आपलं सगळंच समुद्रात जातं असं मी म्हणणार नाही. पण पुरात दरवाजे उघडले की हलकं प्लॅस्टिक पुढं सरकतंच.

सातारकरांचं तर आणखी वेगळं. कोयना धरणाचं काही पाणी कराडला कृष्णेत येतं, आणि काही वीज तयार करून झालं की पोफळीकडून वाशिष्ठीत उतरून दाभोळला अरबी समुद्राला मिळतं. एकाच धरणाचं पाणी दोन समुद्रांना! कोयनेच्या जलाशयाकाठी तापोळा-बामणोलीला फिरायला जाऊन वेफर्सची पाकिटं काठावर टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

समुद्रावर तरंगणाऱ्या मायक्रोप्लॅस्टिकचे जे आकडे छापून येतात, त्यांच्याबद्दलही थोडं सांगतो. समुद्राच्या वरच्या थराचा नमुना घेताना बहुतेक वेळा सुमारे 0.33 मिलिमीटर छिद्राची जाळी होडीमागून ओढतात. त्याहून बारीक कण आणि कपड्यांचे धागे त्यातून निसटतात. शिवाय पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर राहतं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी आणि नायलॉन जड, ते तळाशी जातं. तरंगणाऱ्यावर शेवाळ चढलं की तेही बुडतं. म्हणजे वर मोजलं जातं ते एकूण प्लॅस्टिकपैकी थोडंच.

समुद्रातून ही कणी कोण गाळणार? पेपर अखंड आहे तोवर रानातच गोळा करायला हवा. मी आता थोडा जाड पेपर घेतो, ठिबकनं हलकं पाणी देऊन वाफसा आला (माती ना चिखल ना कोरडी झाली) की काढतो, आणि कडा हातानं उकरल्याशिवाय रोटर घालू देत नाही. मजुरी वाढते, पण पेपर बराचसा निघतो. अडचण पुढं आहे: मातीनं माखलेला पेपर आमच्याकडचा भंगारवाला घेत नाही, आणि बांधावर पेटवायला माझं मन होत नाही. दोन हंगामांचा पेपर धुऊन, गुंडाळून गोठ्यामागं ठेवलाय. इस्लामपूर, पलूस भागात असा पेपर उचलणारा कुणी माहीत असेल तर खाली जरूर लिहा.