सांदण दरीत पहिल्यांदाच उतरणार आहे. आधी कोणते व्हिडिओ पाहावेत आणि बूट कोणते घ्यावेत?

व्हिडिओ पाहून सांदण कळत नाही. त्यात दिसतात दोन्ही बाजूंचे कडे, डोक्यावर सॅक धरून कमरेएवढ्या पाण्यातून जाणारी मुलं आणि ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी’ हे वाक्य. ते कुणी आणि कसं मोजलं, कुणीच सांगत नाही. त्यापेक्षा दरीच्या वरच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावातल्या माणसाशी बोला.

माझ्या थोरल्या भावाचं मत उलटं आहे. सगळं आधीच विचारून ठेवलं तर साहस कसलं, असं दादा म्हणतो. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो, नऊ जण. साम्रदला ज्यांच्याकडे जेवण सांगितलं होतं, त्या मामांना मी दोन दिवस आधी फोन करून भंडावून सोडलं होतं. पाणी किती आहे, खाली पोचायला किती वेळ लागतो, करोली घाटाने परत वर यायला किती. फोन ठेवता ठेवता त्यांनी मी न विचारलेली गोष्ट सांगितली. ‘डोक्यावर ऊन आहे का ते बघू नका. वर रतनगडाच्या अंगाला काय चाललंय ते बघा.’

दोर लावायच्या जागेकडे निघण्याआधी दरीच्या तोंडाशी मी मागे वळून पाहिलं, तर रतनगड काळ्या ढगात गडप. आमच्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन. मी म्हटलं, मी उतरणार नाही. दादा भडकला. पैसे भरलेत, रजा टाकलीय, आणि हा आता माघार घेतोय! तरी मला एकट्याला सोडून जाववेना, म्हणून तोही थांबला. बाकीचे सात जण उतरले आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आले.

दादा गेली सहा वर्षं प्रत्येक दिवाळीत हेच ऐकवतो. मी प्रत्येक वेळी एकच उत्तर देतो, तुम्हालाही तेच देतो. पहिला टप्पा दोराने उतरून तो दोर खाली ओढून घेतला की मागे फिरता येत नाही. कडे सरळसोट आहेत, बाजूला चढून जायला जागा नाही, आणि वरच्या पठारावर पडलेलं पाणी त्याच अरुंद घळीतून खाली येतं. ते सात जण वाचले म्हणून माझा निर्णय चुकला असं होत नाही. आणि दादा, मामांना फोन केला नसता तर मी मागे वळून पाहिलंही नसतं.

पुढे डिसेंबरात मी पूर्ण दरी उतरलो, थेट पायथ्याच्या डेहणे गावापर्यंत. तेही मामांना विचारूनच. पावसाळ्यात तर विचारच करू नका.

बुटांचं म्हणाल तर चांगली पकड असलेले, वापरून पायाला सरावलेले घ्या. पाण्यात भिजणारच आहेत, मोज्यांचा जादा जोड ठेवा. दोराच्या कामातलं मला फारसं कळत नाही, ते ज्यांच्याबरोबर जाताय त्यांना विचारा. मागे कधी ट्रिप अर्ध्यावरून परत आणलीत का, हेही त्यांना विचारा.