यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना ड्रेन लावला नाही. ही हयगय आहे का? (नाशिक)

नाही, यकृताचा काही भाग काढल्यावर पोटात ड्रेनची, म्हणजे आतला द्रव बाहेर काढणारी, नळी ठेवलीच पाहिजे असा नियम नाही. रक्तस्राव किंवा पित्तगळती लवकर कळावी म्हणून पूर्वी ती सर्रास ठेवत; परंतु कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २००७ च्या आढाव्यात गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियांत तिचा सरसकट वापर करण्यास आधार सापडला नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर बरा व्हावा यासाठी काम करणाऱ्या इरास सोसायटीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही, पित्तनलिकेची पुनर्जोडणी केलेली नसेल तर, नळी सरसकट ठेवू नये असेच सांगतात. नळीला जोडलेल्या पिशवीतला लालसर द्रव हळूहळू पिवळसर होताना पाहून नातेवाइकांना धीर येतो हे खरे, पण तीच नळी जंतुसंसर्गाला वाट देऊ शकते, आणि जलोदर (पोटात पाणी साचणे) असल्यास तिच्या छिद्रातून पाणी झिरपत राहते. मात्र पित्तनलिका आतड्याला जोडली असेल किंवा शस्त्रक्रियेतच पित्त झिरपताना दिसले असेल, तर शल्यचिकित्सक ती बहुधा ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधील द्रवातले बिलिरुबिन (पित्तातले पिवळे रंगद्रव्य) रक्तातल्याच्या तिप्पट वा अधिक आढळल्यास ती पित्तगळती मानतात. नळी नसताना ताप, वाढती पोटदुखी, पोटफुगी किंवा कावीळ दिसली, तर नाशिकमधल्या आपल्या शल्यचिकित्सकांना त्याच दिवशी कळवावे. द्रव साचलेला आढळल्यास सोनोग्राफीच्या साहाय्याने त्वचेतून नळी नंतरही घालता येते.